मूळचं काय, बदललेलं काय : बेस गिटारची पाऊणशे वर्षं

गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवारची रात्र, घरातली मंडळी झोपलेली, आणि मी तळघरात स्क्रूड्रायव्हर, भिंग आणि टॉर्च घेऊन बसलो होतो. टेबलावर जुना टॉवेल अंथरून त्यावर माझा फेंडर जॅझ बेस ठेवला होता. तीन वर्षांपूर्वी तो मी ‘१९६४ सालचा, आतून-बाहेरून मूळचा’ म्हणून विकत घेतला. किती पैसे मोजले ते इथे लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरी सगळे वाचतात. एवढंच सांगतो की तेवढ्यात एक बऱ्यापैकी वापरलेली मोटार आली असती.

आवाजाचा नॉब फिरवला की खरखर यायची, म्हणून नॉबखालची क्रोमची पट्टी सोडवली. आतल्या पोटेंशिओमीटरच्या पाठीवर सात आकडे होते : १३७६६३३. अमेरिकेतल्या सुट्या भागांवर अशी खूण करायची जुनी पद्धत आहे. पहिले तीन आकडे कारखान्याचे; १३७ म्हणजे सीटीएस कंपनी. पुढचे दोन वर्षाचे, शेवटचे दोन आठवड्याचे. म्हणजे १९६६ सालचा तेहेतिसावा आठवडा, ऑगस्ट महिना. १९६४ साली तयार झालेल्या वाद्यात १९६६ च्या ऑगस्टमधला भाग कसा आला?

मग झोप उडाली. पिकअप उचलून पाहिले, त्यांच्या पोटावरही १९६६. चार स्क्रू काढून दांडी वेगळी केली, तर तिच्या टाचेवर शिक्का १९६४ चा. उलगडा सोपा होता. कुणीतरी कधीतरी १९६४ ची दांडी १९६६ च्या धडाला जोडली होती. विकणाऱ्याला हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. फोन केला तेव्हा त्याने ‘आहे तसा विकला होता’ म्हणून हात झटकले. पुढे एका जाणकाराने हाताळून पाहिला आणि किंमत मी दिलेल्याच्या निम्म्याच्या आसपास सांगितली.

पण वाचकहो, गंमत अशी की आदल्या दिवशी तो वाजत होता तसाच दुसऱ्या दिवशीही वाजत होता. एकाही सुरात फरक नव्हता. मग निम्मी किंमत नेमकी गेली कुठे? हा प्रश्न डोक्यातून जाईना. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला, डॉक्टरेट इंजिनियरिंगची, तेव्हा प्रश्न सुटेपर्यंत चैन पडत नाही. त्यातून जे वाचलं, पाहिलं, ते आज सांगतो.

न ऐकू येणारं वाद्य

आपल्यापैकी बहुतेकांनी बेस गिटार लहानपणी ऐकली, पण ऐकल्याचं कळलं नाही. आमच्या घरी ट्रान्झिस्टर होता. त्याच्या चार इंची स्पीकरमधून किशोरकुमार नीट ऐकू यायचे, तबला ऐकू यायचा, पण खालचा खर्ज गाळूनच बाहेर पडायचा. आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवत, हे मला इथे आल्यावर कळलं. पदव्युत्तर शिक्षणासाठी आलो असताना एका मित्राच्या गाडीत चांगल्या स्पीकरवर तीच जुनी गाणी ऐकली, आणि लक्षात आलं की या गाण्यांच्या खाली एक आख्खं वाद्य चालू आहे. त्या आठवड्यातच एक जुनापुराणा बेस घेतला. असो.

बेस गिटारच्या आधी पाश्चात्य वाद्यवृंदात हे काम डबल बेसकडे होतं. माणसापेक्षा उंच, टॅक्सीत न मावणारं, आणि ड्रम्स-ट्रंपेटच्या गदारोळात बुडून जाणारं वाद्य. त्याला पडदे नसतात, त्यामुळे सूर कानाने शोधावा लागतो. १९३० च्या दशकात सिएटलच्या पॉल टुटमार्क यांनी विजेवर चालणारा, पडदे असलेला, गिटारसारखा आडवा धरायचा बेस काढला होता. पण तो फार कुणापर्यंत पोहोचला नाही.

पोहोचला तो लिओ फेंडर यांचा. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचं रेडिओदुरुस्तीचं दुकान होतं. गृहस्थांना स्वतःला गिटार वाजवता येत नसे. १९५१ साली त्यांनी ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. चार तारा, चौतीस इंचांची लांबी, आणि सतारीला असतात तसे पडदे. पडद्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. किंमत १९९ डॉलर ५० सेंट, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे २४०० डॉलर. लायनेल हॅम्प्टन यांच्या वाद्यवृंदातल्या मंक माँटगोमेरी यांच्यासारख्या वादकांनी तो हाती घेतला आणि वाद्य रूढ झालं.

माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे ते या वाद्याचं आतलं बांधकाम. व्हायोलिनची मान धडाला सरसाने चिकटवलेली असते; ती काढणं म्हणजे शस्त्रक्रिया. फेंडर यांनी दांडी चार स्क्रूंनी बसवली. मोडली, वाकली, तर नवी लावा. पिकअप, नॉब, तारांची घोडी, सगळं स्क्रूने सुटणारं. रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाची ही दृष्टी होती. जे बिघडणार आहे ते सहज उघडता आलं पाहिजे. म्हणजे माझ्या बेसची दांडी कुणी बदलली असेल, तर वाद्य ज्या हेतूने बनवलं होतं तेच त्याने केलं होतं.

तांब्याची वेटोळी

आता थोडं यंत्रशास्त्र, कंटाळू नका. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेची हजारो वेटोळी. वर पोलादी तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं आणि वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. तीच ॲम्प्लिफायर मोठी करतो. पण हे वेटोळं भोळं असतं. तारेची थरथर आणि घरातल्या विजेची गुणगुण यात त्याला फरक कळत नाही. अमेरिकेत ही गुणगुण साठ हर्ट्‌झची, आपल्याकडे पन्नासची.

१९५७ साली फेंडर यांनी प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत केला. दोन तुकडे दोन-दोन तारांखाली; एकाची वेटोळी दुसऱ्याच्या उलट, चुंबकही उलट. बाहेरची गुणगुण दोघांत एकमेकांविरुद्ध येते आणि रद्द होते; तारेचा आवाज मात्र बेरजेने येतो. इतका साधा आणि इतका चोख उपाय की जवळपास सत्तर वर्षांनंतरही प्रिसिजनमध्ये तोच पिकअप आहे.

१९६० साली जॅझ बेस आला. त्याची दांडी खुंट्यांच्या बाजूला निमुळती, म्हणून लहान हातालाही सोयीची. पिकअप दोन, एक दांडीकडे आणि एक घोडीकडे. दोन्ही सारख्या जोरात ठेवले की गुणगुण जाते. एकच ठेवला की परत येते. पहिल्या एक-दोन वर्षांच्या नगांना एकावर एक रचलेले नॉब होते, नंतर तीन सुटे नॉब आले. त्या पहिल्या नगांची किंमत आज पाच आकडी डॉलरमध्ये असते, निव्वळ ते दुर्मिळ आहेत म्हणून. वाजवणाऱ्याला तीन नॉबच सोपे जातात.

एक काल्पनिक रेषा

जानेवारी १९६५ मध्ये प्रकृतीला कंटाळलेल्या फेंडर यांनी कंपनी सीबीएसला १ कोटी ३० लाख डॉलरना विकली. जुन्या गिटारच्या बाजारात ही तारीख म्हणजे इसवी सनपूर्व आणि इसवी सनानंतर. तिच्या आधीचा नग ‘सीबीएसपूर्व’, आणि नंतरचा आपला असाच.

यात तथ्य आहे. उत्पादन वाढवायच्या नादात पुढच्या दहा-पंधरा वर्षांत दर्जा घसरला. पातळ लॅकरऐवजी जाड पॉलिएस्टरचा थर आला. १९७० च्या दशकात काही नगांची दांडी चारऐवजी तीन स्क्रूंवर आली, आणि ती सैल राहते अशी ओरड झाली. पण मालक बदलला त्या सकाळी कारखान्यात आलेले कामगार तेच होते, यंत्रं तीच होती, डब्यातले सुटे भागही तेच होते. घसरण हळूहळू झाली. बाजाराने मात्र एका तारखेवर रेघ मारली. माझे निम्मे पैसे त्या रेघेच्या अलीकडे-पलीकडे करण्यात गेले.

ज्यांनी हात लावला

आता या वाद्याला मोठं कुणी केलं ते पाहू. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारे जेम्स जेमर्सन यांचं वाद्य १९६२ चा प्रिसिजन. ते एका बोटाने वाजवत, आणि तार तुटल्याखेरीज ती बदलत नसत. त्यांनी वाद्यात काही सुधारणा केली नाही, हे खरं. पण ते जपूनही ठेवलं नाही. ते कामाचं हत्यार होतं. १९८३ साली त्यांच्या मृत्यूच्या थोडं आधी ते चोरीला गेलं.

दुसरे जाको पास्टोरियस. यांचा जॅझ बेस १९६२ चा, म्हणजे आजच्या बाजारात सोन्याची वीट. या माणसाने त्याचे पडदे काढून टाकले, खाचा बुजवल्या, आणि पट्टीवर होड्यांना लावतात तो एपॉक्सीचा थर दिला. कुठलाही संग्राहक हे ऐकून डोक्याला हात लावेल. पण त्या वाद्यातून निघालेला गाता, लांबणारा सूर १९७६ च्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बममध्ये आला आणि बेस वाजवणाऱ्यांची एक पिढी बदलली. तोही बेस १९८६ साली न्यू यॉर्कमध्ये चोरीला गेला. पुढच्याच वर्षी पास्टोरियस गेले. बेस सापडला २००६ साली. त्याचे तुकडे झाले होते, ते जोडलेले होते, आणि आज त्याचं मोल करणं कठीण आहे. मूळचं त्यात फारसं उरलेलं नाही.

याच सुमारास वाद्याच्या पोटातही क्रांती चालली होती. साध्या पिकअपचा एक दोष असा की लांब केबल जोडली तर वरचे तीव्र स्वर केबलमध्येच विरतात. शिवाय साधा टोनचा नॉब फक्त कमी करू शकतो, वाढवू शकत नाही. १९६९ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक या मंडळींनी वाद्याच्या आतच छोटा ॲम्प्लिफायर बसवायला सुरुवात केली. त्यातले रॉन विकरशॅम हे टेपरेकॉर्डर बनवणाऱ्या अँपेक्स कंपनीतून आलेले इंजिनियर. १९७६ साली म्युझिक मॅन कंपनीचा स्टिंगरे आला, नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारा. त्यामागे कोण होते? लिओ फेंडर! विक्रीच्या करारातली दहा वर्षांची बंदी संपताच ते पुन्हा कामाला लागले होते. जुन्याच्या जागी नवं करण्यात या माणसाचं आयुष्य गेलं. आपलं १९६२ चं सर्किट पवित्र आहे असं त्यांना वाटल्याचं दिसत नाही.

ज्यांना नवा बेस परवडत नव्हता त्यांच्यासाठी सुट्या पिकअपचा धंदा उभा राहिला. डिमार्झिओ, सेमूर डंकन, ईएमजी ही नावं १९७० च्या दशकातलीच. तरुण पोरांनी जुने पिकअप काढून नवे, जास्त जोराचे लावले आणि जुने खणात टाकले, नाहीतर कचऱ्यात. त्याच जुन्या पिकअपची जोडी आज हजार डॉलरच्या पुढेही जाते!

सगळ्यात बोलकी कथा मार्कस मिलर यांची. त्यांचा बेस १९७७ चा, म्हणजे बाजाराच्या मते पडत्या काळातला. न्यू यॉर्कच्या रॉजर सडॉस्की यांनी त्यात प्रीॲम्प्लिफायर घातला, घोडीही बदलली गेली. त्या वाद्यावर त्यांनी शेकडो ध्वनिमुद्रणं केली. आणि १९९८ साली खुद्द फेंडर कंपनीने मार्कस मिलर यांच्या नावाचं मॉडेल काढलं, त्या सगळ्या फेरफारांसकट. म्हणजे कालचा बदल हा आजचा मूळ नमुना झाला. कंपनीने १९८२ पासूनच स्वतःच्या १९५७ आणि १९६२ च्या बेसच्या प्रतिकृती विकायला सुरुवात केली होती, त्यामुळे मूळ कशाला म्हणायचं हा घोळ तिच्याच घरातून सुरू झाला म्हणायचा.

आपल्याकडे असा घोळ नाही. मिरजेच्या तंबोऱ्याची जवारी वेळोवेळी काढून घेतात. ती काढली म्हणून तंबोऱ्याची किंमत उतरली असं कुणी म्हणत नाही. न काढली तर मात्र म्हणतात.

घ्यायचा असेल तर

तरीही पैसे घालणार असाल तर डोळे उघडे ठेवा. मी ठेवले नाहीत. बाजाराचे आडाखे असे. रंग पुन्हा दिलेला असेल तर किंमत साधारण निम्मी. पिकअप बदललेले, लाकडात नवी भोकं पाडलेली, तर आणखी कमी. अनुक्रमांकावर विसंबू नका. फेंडरच्या त्या काळच्या नगांत तो मागच्या धातूच्या पट्टीवर असतो, आणि पट्टी चार स्क्रूंनी कुठेही जाते. दांडीच्या टाचेवरची तारीख, पिकअपच्या पोटावरची तारीख आणि पोटेंशिओमीटरचे आकडे, तिन्ही जुळवून पाहा. त्यातही पोटेंशिओमीटर एवढंच सांगतो की वाद्य याच्या आधीचं नाही. फेंडरने १९६६ साली त्यांचा इतका मोठा साठा घेतला होता की पुढची दोन-तीन वर्षं तेच भाग वापरात होते. सोल्डरचे डाग जुने, मंद आणि अस्पर्शित आहेत का तेही बघा. विकणारा उघडू देत नसेल तर नमस्कार करून निघा.

पट्टीच्या लाकडाचंही एक आहे. जुन्या नगांत ब्राझिलियन रोझवूड असे. १९६० च्या दशकाच्या मध्यानंतर भारतीय रोझवूड आलं. म्हणजे आपला शिसव! आजोळच्या पलंगाचं लाकूड फुलर्टनच्या बेसवर. ब्राझिलियन जातीवर १९९२ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराची कडक बंधनं आहेत, तेव्हा असं वाद्य भारतात नेणार असाल तर आधी चौकशी करा. शिसवावरही २०१७ साली बंधनं आली होती; तयार वाद्यांना २०१९ च्या अखेरीस त्यातून सूट मिळाली.

मुलांसाठी घेत असाल तर यातलं काहीच लागत नाही. शाळेच्या जॅझ बँडसाठी चांगला वापरलेला साधा बेस पुरतो. दांडी सरळ आहे ना, पडदे झिजले नाहीत ना, एवढं पाहा. आवाज आवडला नाही तर पहिल्यांदा तारा बदला आणि एखाद्या कारागिराकडून तारांची उंची जुळवून घ्या. निम्म्या तक्रारी तिथेच संपतात. त्यानंतर पिकअप, आणि प्रीॲम्प्लिफायर सगळ्यात शेवटी. चारशे डॉलरच्या बेसमध्ये दोनशेचं सर्किट घातलं तर विकताना सहाशे येत नाहीत, हे लक्षात ठेवून करा. आणि बॅटरीवाला बेस असेल तर वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा. बहुतेक बेसमध्ये केबल खोचलेली असली की बॅटरी चालू राहते, आणि ऐन कार्यक्रमात दगा देते. हे अनुभवाचे बोल आहेत.

पुन्हा तळघरात

आता माझी कबुली. तीन वर्षं तो बेस मी पेटीत कुलूप लावून ठेवला होता. आमची लेक पंधरा वर्षांची, शाळेच्या बँडमध्ये बेस वाजवते. तिने कितीदा मागितला. मी दर वेळी म्हणायचो, “अगं, ती गुंतवणूक आहे, ओरखडा पडेल.” त्या रात्रीनंतर आठवडाभर माझं तोंड उतरलेलं होतं. बायकोने कारण विचारलं आणि मी आकड्यासकट सगळं सांगितलं. ती आकडा ऐकून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “आता तरी तिला वाजवू दे.”

लेकीला दोन दिवसांत तो हाताला बसला. महिनाभराने म्हणाली, “बाबा, बँडमध्ये माझा आवाज मागे पडतो. आत प्रीॲम्प घालू या का?” त्या वेळी पहिला विचार पुन्हा किंमतीचाच आला, खोटं कशाला सांगू? पण या वाद्याचा सगळा इतिहास नुकताच वाचलेला होता. त्यात जपून ठेवणारा एकही माणूस मला भेटला नव्हता.

शेवटी एका रविवारी आम्ही दोघांनी मिळून प्रीॲम्प्लिफायर बसवला. लाकडाला नवं भोक पाडलं नाही. बॅटरी पट्टीखालच्या खाचेतच कशीबशी बसली. मूळची वायरिंग, पोटेंशिओमीटरसकट, न तोडता सबंध काढून पाकिटात ठेवली. सोल्डरिंग लेकीने केलं; पहिले दोन डाग बिघडले, नंतरचे चांगले आले. काम झाल्यावर मी तिला एका कागदावर सगळं लिहायला लावलं : दांडी १९६४ ची, धड आणि पिकअप १९६६ चे, प्रीॲम्प्लिफायर कोणत्या तारखेला कुणी बसवला, जुने भाग कुठे आहेत. आमच्या धंद्यात प्रोग्राममध्ये बदल केला की त्याची नोंद ठेवावीच लागते. वाद्याचंही तसंच असावं. उद्या हा बेस कुणी विकत घेतला तर पेटी उघडताच त्याला तो कागद मिळेल. मला तसा कागद मिळाला नव्हता.

किंमत आणखी थोडी उतरली असणार. मे महिन्यात शाळेचा कार्यक्रम झाला, तेव्हा शेवटच्या रांगेतही बेस स्पष्ट ऐकू येत होता. घरी आल्यावर पाहिलं, तर खालच्या कडेला एक ओरखडा पडला होता. तोही तिने कागदावर तारखेसह लिहून ठेवला आहे.